अडीच मिलिमीटरचं बोअर आणि तीन पट्टे: बडोद्यातल्या एका जॉबचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतलं एक छोटं युनिट. दोन सीएनसी लेथ, एक जुना टूलरूम लेथ, एक मिलिंग आणि अकरा माणसं. मालक दांडिया बाजारातले, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. मी तिथे क्वालिटी बघते. म्हणजे एसी लावलेली आठ बाय दहाची खोली, मायक्रोस्कोप, पिन गेजच्या, म्हणजे ठरावीक मापाच्या पिनांच्या, डब्या आणि माझी वही. ग्राहक कोण हे इथे येणार नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत.

जॉब होता रसायन मोजून सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा स्लीव्ह, म्हणजे पातळ नळी. स्टेनलेस ३१६ एल, लांबी ९ मिमी, बाहेरचा व्यास ३.०० मिमी, आतलं बोअर, म्हणजे आरपार भोक, २.५०० मिमी. म्हणजे भिंत जेमतेम पाव मिलिमीटर. एका टोकापासून ३ मिमीवर भिंतीत ०.४ मिमीचं आडवं छिद्र. या स्लीव्हमध्ये सिरॅमिकचा प्लंजर, म्हणजे दांडा, मागे-पुढे सरकतो. रबरी सील नाही, पॅकिंग नाही. प्लंजर आणि बोअर यांच्यातली फट इतकी बारीक ठेवायची की रसायन तिच्यातून मागे येता कामा नये.

ड्रॉइंगवर बोअरला अधिक ६ मायक्रॉन, उणे शून्य अशी सूट होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाहेरच्या व्यासाला अधिक-उणे २० मायक्रॉन, कारण बाहेरून ओ-रिंग बसते. हे दोन आकडे लक्षात ठेवा. आम्ही ते सहा महिने रोज वाचत होतो, तरी त्यांचा अर्थ आमच्या डोक्यात शिरला नव्हता.

काम दोन पकडींत व्हायचं. पहिल्या पकडीत ५ मिमीच्या बारवर बाहेरचा व्यास तयार, आत ड्रिल, आडवं छिद्र, पार्टिंग, म्हणजे बारपासून कापून सुटा करणं. दुसऱ्या पकडीत तो सुटा स्लीव्ह तीन चिरांच्या कॉलेटमध्ये, म्हणजे जॉब आवळून धरणाऱ्या चिरलेल्या नळीत, बाहेरून धरायचा आणि बोअर फिनिश करायचं. आधी बाहेरून, मग आतून. जाड जॉबवर वर्षानुवर्षं असंच करत आलो होतो, त्यामुळे इथेही तसंच करायचं का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

जानेवारीपासून शंभर-शंभरचे तीन लॉट गेले. तक्रार नाही, पेमेंट वेळेवर. दादांनी चौथा लॉट २०० चा घेतला.

अडचण

जूनमध्ये २०० पैकी ६१ स्लीव्ह परत आले, सोबत डेबिट नोट, म्हणजे पैसे कापल्याची चिठ्ठी. शेरा एका ओळीचा: गळती.

मी ६१ च्या ६१ पुन्हा तपासले. २.५०० ची गो पिन आत जाते, २.५०६ ची नो-गो जात नाही. दोन टोकांचं बोअर गेज आत फिरवून बघितलं, कुठेही धरा, २.५०३ ते २.५०५. ड्रॉइंगप्रमाणे सगळे पास. रिपोर्ट घेऊन दादांकडे गेले आणि म्हटलं, "दादा, आपल्याकडून काही चूक नाही." तेव्हा मला हे वाक्य फार भक्कम वाटलं होतं.

पहिला निर्णय: संशय कुणावर घ्यायचा

पहिला संशय बरवर गेला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. ०.४ मिमीचं छिद्र भिंतीतून बोअरमध्ये उतरतं तिथे आतल्या कडेला धातूचा बारीक पापुद्रा राहतो, तोच बर. त्याने प्लंजरला ओरखडा पडला तर गळती होणारच.

हा बर का येतो ते थोडं सांगते, कारण बारीक कामात याची मोठ्या कामाशी तुलना होत नाही. आमच्या लेथवरचा फिरता टूल ५००० आरपीएमच्या वर जात नाही. ०.४ च्या ड्रिलला त्यावर कटिंग स्पीड मिळतो मिनिटाला सव्वासहा मीटर. २० मीटर हवा असेल तर १६००० च्या आसपास आरपीएम लागतील. फीड एका फेऱ्याला ३ मायक्रॉन, म्हणजे ड्रिलच्या दोन धारांना प्रत्येकी दीड. वापरलेल्या ड्रिलची धार जवळून बघितली तर तिची गोलाईच दोन-तीन मायक्रॉनची असते. धारेच्या गोलाईपेक्षा चिप पातळ झाली की ड्रिल कापत नाही, घासतो. घासलं की स्टेनलेस आणखी कडक होतं, पुढची फेरी त्या कडक थरावर, आणि शेवटी छिद्र पडतं ते कापून नाही, फाडून. शिवाय ड्रिल १० मायक्रॉनने जरी वाकडा फिरत असला, तरी एकच धार सगळं काम करते आणि दुसरी नुसती सोबत फिरते.

तर आम्ही बरच्या मागे लागलो. दोन मुली मायक्रोस्कोपखाली बसल्या, प्रत्येक स्लीव्हमध्ये वाकडी सुई घालून कडा साफ केल्या, नंतर अल्ट्रासॉनिकमध्ये धुलाई. ६१ पैकी ९ मध्ये बर खरंच दिसला होता. सोळा दिवस गेले. सगळे साफ करून परत पाठवले.

५४ पुन्हा नापास.

या सोळा दिवसांबद्दल मला आजही वाईट वाटतं, आणि ते सुई चालवण्यात गेले म्हणून नाही. ९ मध्ये बर आणि ६१ मध्ये गळती, ही गणितं जुळत नाहीत हे पहिल्याच दिवशी माझ्या वहीत लिहिलेलं होतं. आकडा समोर होता आणि आम्ही तो बाजूला सारला, कारण बर डोळ्यांना दिसत होता.

दुसरा संशय तापमान. बडोद्यात मे-जूनमध्ये शेडमध्ये चाळिशीच्या वर पारा असतो आणि माप मात्र २० अंशाला धरायचं असतं, त्यामुळे आपल्याकडे काहीही बिघडलं की तापमान हा कायमचा आरोपी. पण इथे हिशोब मांडला की तो लगेच सुटतो. स्टेनलेस एका अंशाला दर मीटरमागे १६ मायक्रॉन वाढतं. अडीच मिलिमीटरला वीस अंशांचा फरक म्हणजे ०.८ मायक्रॉन. पिन गेजही सोबत वाढते, त्यामुळे उरलेला फरक पाव मायक्रॉनही नाही. स्पिंडल तापून सरकतो ती गोष्ट वेगळी, त्यासाठी सकाळचे पहिले दहा नग आम्ही तसेही बाजूला काढतो. एकूण या आरोपीला पंधरा मिनिटांत सोडून दिलं.

निळा आणि काका

मग दादांनी काकांना बोलावलं. काका म्हणजे टूलरूममधून निवृत्त झालेले, रावपुऱ्यातले. त्यांचे वडील कलाभवनात शिकलेले, तेच कलाभवन जे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलं. ते येताना कोपऱ्यावरून सेव-उसळ बांधून आणतात आणि पहिली वीस मिनिटं कामाचं काही बोलत नाहीत.

काकांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाले, "पोरी, माप सोड. आकार बघितलास का?"

मी म्हटलं, "बघितला ना काका, बोअर गेज सगळीकडून फिरवलं."

"ते दोन टोकांचं. दोन टोकांना तीन कोन दिसत नाहीत."

त्यांनी एक पिन घेतली, कापसाने तिच्यावर इंजिनिअर्स ब्लू या निळ्या रंगाचा पुसट थर दिला. इतका पुसट की निळा आहे असं सांगितल्याशिवाय कळू नये. नापास स्लीव्हमध्ये ती सरळ घातली, न फिरवता दोनदा मागे-पुढे केली आणि बाहेर काढून दिव्याखाली धरली. पिनेवरून निळा तीन पट्ट्यांत पुसला गेला होता. तीन उभे, चकचकीत पट्टे, सारख्या अंतरावर. बाकी सगळीकडे निळा जसाच्या तसा.

"बोअर कुठलं, बेलाचं पान झालंय हे," काका म्हणाले.

गोल नसलेला, पण कुठूनही मोजला तरी सारखाच रुंद भरणारा आकार असतो, हे मी डिप्लोमाला शिकले होते. तीन फुगवट्यांचा आकार घेतला तर जिथे एका बाजूला फुगवटा असतो, बरोबर त्याच्या समोर खोलगट भाग येतो. एकीकडे जेवढं जास्त, तेवढंच समोर कमी. त्यामुळे दोन टोकांत मोजणारं कुठलंही गेज, मग ते कितीही महाग असो, आत पूर्ण फिरवलं तरी काटा हलत नाही. शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि तरी सोळा दिवस काटा हलत नाही म्हणून खूश होते.

कारण पक्कं करणं

काकांचं म्हणणं होतं की हे कॉलेटचं काम. तीन चिरांचं कॉलेट म्हणजे तीन पाकळ्या. पाकळ्या पाव मिलिमीटरची भिंत तीन जागी आत दाबतात. त्या दाबलेल्या अवस्थेत बोअरिंग बार आत अगदी गोल बोअर काढतो. कॉलेट सुटलं की भिंत मूळ जागी येते. बाहेरचा व्यास पुन्हा गोल होतो आणि आतलं गोल बोअर बिघडतं.

हे ऐकायला पटतं. पण बरची गोष्टही पटलीच होती, म्हणून या वेळी मी तपासून बघायचं ठरवलं. तर्क खरा असेल तर पाकळीखालची भिंत सुटल्यावर बाहेर जाणार, तिथे बोअर मोठं. चिरेसमोरची भिंत आत येणार, तिथे बोअर लहान. म्हणजे निळा पुसला जायला हवा तो चिरांसमोर, पाकळ्यांसमोर नाही. दहा स्लीव्ह दुसऱ्या पकडीत फिनिश केले आणि कॉलेट सोडण्याआधी प्रत्येकाच्या तोंडावर चिरांसमोर मार्करने टिंबं काढली. मग निळ्याची पिन. दहापैकी नऊमध्ये पट्टे टिंबांच्या समोर. एकात निळा जास्त लागला होता, काहीच वाचता आलं नाही.

त्यानंतरच गोलाई मोजणाऱ्या यंत्रासाठी बाहेरच्या लॅबचे पैसे भरले. चार नापास स्लीव्ह ३.६ ते ४.४ मायक्रॉनने गोलाईबाहेर निघाले. आणि माझ्या ड्रॉवरमध्ये तिसऱ्या लॉटचे दोन नमुने पडून होते, तेही पाठवले. ते २ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे बेलाचं पान आधीही होतंच, फक्त लहान.

मग चौथ्या लॉटला ते दुप्पट का झालं? हे कळलं ते ऑपरेटर मुलाकडून. मेमध्ये दुसऱ्या पकडीत एक जॉब घसरला होता. त्याने तेव्हा मला हाकही मारली होती, "बेन, जॉब फरी ग्यो," आणि मी दुसऱ्या कामात होते. त्याने कॉलेटचं प्रेशर वाढवलं, पुढचे जॉब घसरले नाहीत, काम चालू राहिलं. वहीत नोंद नाही. त्याची चूक म्हणवत नाही, प्रेशरची नोंद ठेवायचा रकानाच आमच्या वहीत नव्हता.

एक कोडं उरलं होतं. ग्राहकाकडे तर सहा मायक्रॉनची सूट आहे. गोल बोअर २.५०६ झालं तरी ते पास. मग चार मायक्रॉनच्या बेलाच्या पानाने एवढं काय बिघडतं? यासाठी मी ग्राहकाच्या असेंब्लीच्या टेबलावर जाऊन बसले. तिथे अर्ध्या तासात कळलं. ते प्लंजर एकाच मापाचा वापरत नाहीत. प्रत्येक स्लीव्हमध्ये पिना घालून बघतात, जी सर्वांत मोठी पिन आत जाते तिच्यापेक्षा ४ मायक्रॉन बारीक प्लंजर त्या स्लीव्हला जोडतात. बोअर गोल असेल तर चारी बाजूंनी २ मायक्रॉनची फट मिळते आणि सहा मायक्रॉनची सूट निरुपद्रवी ठरते. पण बेलाच्या पानात पिन अडते ती तीन अरुंद जागी. प्लंजर त्या जागांवरून ठरतो. तिथे फट २ मायक्रॉन, आणि फुगवट्यांत ६.

आणि बारीक फटीतून जाणारा द्रव फटीच्या घनाप्रमाणे वाढतो. फट तिप्पट तर त्या जागी गळती सत्तावीस पट. सबंध वर्तुळाची सरासरी मी काढली, ती गोल बोअरच्या अकरा पट येते. गोलाईतला दोष २ मायक्रॉनचा असता तर चार पट. जुने तीन लॉट त्या चार पटीत त्यांच्या मर्यादेच्या आत बसत होते, म्हणून तक्रार नव्हती. आम्ही पहिल्या दिवसापासून चुकत होतो, फक्त कळण्याइतकं नाही.

पर्याय

सर्वांत स्वस्त पर्याय होता प्रेशर पुन्हा खाली आणणं. दादांचा कल तिकडेच होता, आणि का नसावा, एक नॉब फिरवायचा. वीस नग करून बघितले. दोन घसरले, त्यांच्या बाहेरच्या अंगावर चरे. उरलेल्यांचा दोष २ मायक्रॉनवर आला. म्हणजे पुन्हा जुन्या लॉटसारखं काठावर चालायचं. शिवाय कॉलेट झिजलं की परत हेच.

दुसरा पर्याय, बोअर लॅपिंगने, म्हणजे पेस्टने घासून, गोल करायचं. पितळी लॅप, हिऱ्याची पेस्ट. काकांचा हात यात बसलेला आहे. पण ३१६ एल मऊ असतं, हिऱ्याचे कण भिंतीत रुतून बसू शकतात, आणि मग प्लंजर रोज त्यांच्यावर घासणार. ग्राहकाकडे सहा महिन्यांनी उद्भवेल अशी तक्रार आपणच पेरण्यासारखं. काका स्वतःच म्हणाले, "माझ्या हाताला काम मिळेल, पण नको."

तिसरा पर्याय स्पार्कचा सुचवला गेला होता, आडव्या छिद्रासाठी. बर येणारच नाही म्हणून. इकडे जॉबवर्कला मिळणाऱ्या ईडीएम ड्रिलवर, म्हणजे ठिणगीने छिद्र पाडणाऱ्या यंत्रावर, ०.३ ची पितळी नळी लावली तरी ठिणगीच्या फटीमुळे छिद्र त्याहून मोठं निघतं, आणि छिद्राच्या भिंतीवर वितळून थिजलेला थर राहतो. छिद्राचं माप सांभाळता आलं असतं, पण मूळ रोग बोअरच्या गोलाईचा. या पर्यायावर आम्ही फार वेळ घालवला नाही.

चौथा पर्याय कागदी होता, आणि दादांना झोप लागू देत नव्हता तो हाच. स्लीव्ह ड्रॉइंगप्रमाणे पास आहेत. ड्रॉइंगवर गोलाईचं चिन्ह नाही. खाली आयएसओ ८०१५ हे मानक लिहिलेलं आहे, आणि त्या पद्धतीत वेगळं काही सांगितलेलं नसेल तर माप म्हणजे दोन टोकांतलं माप, आकाराची हमी त्यात येत नाही. डेबिट नोट नाकारता आली असती. दादांच्या एका मित्राने तर पत्राचा मसुदाही सांगितला.

यावर आमच्यात वाद झाला. माझं म्हणणं, पत्र पाठवावं, कारण नियम आपल्या बाजूचा आहे. दादा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "नियम आपल्या बाजूचा आहे, पण पंप गळतोय ना." त्यांनी पत्र पाठवलं नाही, पण डेबिट नोटही पूर्ण स्वीकारली नाही. निळ्याच्या पट्ट्यांचे फोटो, लॅबचा रिपोर्ट आणि माझा अकरा पटीचा हिशोब घेऊन ते स्वतः ग्राहकाकडे गेले. मला वाटतं या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हा होता, कॉलेटचा नाही. कारण त्यात जुन्या तीन लॉटबद्दलही सांगणं आलं.

पाचवा पर्याय क्रम उलटा करण्याचा. तो पुढे येतोच.

काय केलं

ज्या पृष्ठभागाला ६ मायक्रॉनची सूट आहे तो आम्ही सर्वांत शेवटी, जॉब सर्वांत नाजूक झालेला असताना, दाबून धरून करत होतो. आणि ज्याला ४० ची सूट आहे तो सर्वांत आधी, जॉब भक्कम असताना. असं लिहून काढल्यावर हसू येतं.

नवा क्रम एकाच पकडीतला. बार ५ मिमीचा, भरीव भाग कॉलेटमध्ये, १२ मिमी बाहेर. भरीव बारला कॉलेट कितीही दाबो, बाहेर आलेल्या भागाला त्याचा पत्ता लागत नाही. बाहेरचा व्यास आधी ४ मिमीपर्यंतच उतरवायचा. आत २.३ चा ड्रिल. मग ०.४ चं आडवं छिद्र. मग बोअर फिनिश, म्हणजे आडव्या छिद्राचा आतला बर बोअरिंगच्या पासातच कापला जातो आणि मुलींच्या सुयांचं काम बरंचसं संपतं. बोअर झाल्यावर बाहेरचा व्यास ४ वरून ३, शेवटी पार्टिंग.

४ मिमी हा आकडा सहज आला नाही. आधी आम्ही बाहेर ५ मिमीच ठेवून सगळं आतलं काम करून बघितलं. बोअर सुंदर. पण आडव्या छिद्राला भिंत १.३५ मिमी जाड, ड्रिलच्या व्यासाच्या तिपटीहून जास्त, आणि चिप बाहेर यायला जागा नाही. पहिल्या दिवशी सात ड्रिल तुटले. त्यांतल्या तिघांचे तुकडे छिद्रात अडकून जॉबसकट भंगारात. ४ मिमीला भिंत ०.८५ उरते, व्यासाच्या दुपटीच्या आसपास, आणि बोअर करताना आधारही पुरतो. ३.५ करून बघावं असं मला वाटत होतं. काका म्हणाले, चालतंय ना, आता हात लावू नको.

बोअर झाल्यावर बाहेरून कापताना पातळ भिंत टूलने दबेल ही भीती होती. म्हणून आधी बोअरमध्ये पितळी पिन घालून आधार दिला. त्या पिनेने बोअरवर उभे ओरखडे पाडले, कारण मध्ये एखादी बारीक चिप गेली की झालंच. पिन काढून टाकली. त्याऐवजी टूल बदलला: धारदार, पॉझिटिव्ह, टोकाची गोलाई ०.१ मिमी, आणि धार जॉबला काटकोनाच्या जवळ, म्हणजे जोर भिंतीवर न येता बारच्या दिशेने जातो. दोन पासांत कापलं. शिवाय इथे फिरत्या जॉबला एकच टूल सगळीकडून सारखंच दाबतो. भिंत दबलीच तर तोंडाशी किंचित निमुळती होईल, बेलाचं पान होणार नाही.

पार्टिंगनंतर मागच्या कडेला बर राहतोच. त्यासाठी डेलरिन या प्लॅस्टिकचं कॉलेट करून घेतलं, तीन चिरा नसलेलं, एकाच फटीचं, स्लीव्हला पूर्ण कवेत घेणारं. त्यात हातानेच कडा मारायची. तिथे कापायचं काही नसतं, त्यामुळे घट्ट धरायचंही काही कारण नाही.

तपासणीत निळ्याची पिन आली, दर तासाला एक नग. पट्टे तीन दिसले तर मशीन थांबवायचं. वर्तुळभर सारखा पुसला गेला तर पुढे. हे काही मोजमाप नव्हे, पण आमच्याकडे गोलाईचं यंत्र नाही आणि येत्या काही वर्षांत येणारही नाही. प्रत्येक लॉटचे पाच नग लॅबला जातात. आणि वहीत कॉलेट प्रेशरचा रकाना आला. लाल शाईने आखलाय.

निष्पत्ती

सप्टेंबरच्या शेवटी १५० चा लॉट गेला. मध्ये नवरात्र आली. बडोद्यात नवरात्रात संध्याकाळी सहानंतर ऑपरेटर मशीनपाशी सापडेल अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे गरब्याचा अपमान, त्यामुळे पुढचा लॉट दहा दिवस लांबला. ग्राहक गुजराती, त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही.

१५० पैकी ४ गळले. त्यांतल्या एकात बोअरवर पार्टिंगच्या वेळी आत गेलेल्या चिपचा ओरखडा सापडला. तिघांचं कारण आम्हाला मिळालं नाही, गोलाई त्यांची चांगली होती. लॅबला पाठवलेल्या पाच नगांत सर्वांत वाईट १.३ मायक्रॉन.

वेळ मात्र वाढला. आधी दोन्ही पकडी मिळून नगाला साडेतीन मिनिटं लागत, आता पाच. आडव्या छिद्राचे ड्रिल पूर्वीपेक्षा जास्त जातात. ग्राहकाने नगामागे दर वाढवून दिला, पण वाढलेल्या दीड मिनिटाचा पूर्ण भाव त्यात निघत नाही. डेबिट नोट निम्म्यावर तुटली. जुन्या तीन लॉटचे पंप त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी तपासायचं ठरवलं, परत मागवले नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

ग्राहकाच्या असेंब्लीच्या टेबलावर मी जूनमध्येच जायला हवं होतं. आम्ही दोघे एकाच शहरात, स्कूटरवर पंचवीस मिनिटांचं अंतर. प्लंजर निवडून लावतात ही एक गोष्ट कळली असती तर बरचा पाठलाग पहिल्या आठवड्यातच संपला असता. ऑर्डर घेतानाच विचारायला हवं होतं, खरं तर. "हे बोअर कशासाठी" हा प्रश्न ड्रॉइंगवर लिहिलेला नसतो.

६१ नग साफ करायला घेण्याआधी त्यांतले दहा तरी हात न लावता बाजूला ठेवायला हवे होते. सगळेच साफ केले, एकत्र धुतले, आणि कुठला कधीचा ते कळायचा मार्ग आम्हीच बंद केला. तिसऱ्या लॉटचे दोन नमुने ड्रॉवरमध्ये राहिले ते निव्वळ माझ्या आळसामुळे.

काकांना आधी बोलावता आलं असतं का, यावर दादांचं आणि माझं एकमत नाही. ते म्हणतात, पहिल्याच दिवशी बोलावलं असतं तर काका बघून गेले असते आणि आपण काही शिकलो नसतो. मला हे पटत नाही, सोळा दिवसांची मजुरी कुणीतरी दिलीच आहे. पण मार्करच्या टिंबांचा प्रयोग मला सुचला तो बरवर तोंडघशी पडल्यानंतरच, हेही खरं.

पत्र न पाठवण्याबद्दल माझं मत बदललंय. अर्ध्या डेबिट नोटचं नुकसान दिसतं. पत्र गेलं असतं तर त्यांच्या टेबलावर पुन्हा बसायला मिळालं नसतं, आणि ते तीन अज्ञात नग अजून शोधायचे आहेत.

ड्रॉइंग बदलायला ग्राहक तयार झाले. बोअरला गोलाईचं चिन्ह, दीड मायक्रॉन. ऑक्टोबरमध्ये रिव्हिजन बी आली. मी फाइलला लावून मशीनपाशी टांगली. दुसऱ्या दिवशी तो ऑपरेटर मुलगा कागद घेऊन खोलीच्या दारात उभा. "बेन, हे बघा." चिन्ह बरोबर होतं, पुढे लिहिलं होतं ०.०१५. एक शून्य कमी. मी फोन लावला आणि रिव्हिजन सी येईपर्यंत त्याला पेन्सिलने दुरुस्त करू दिलं.